कच्च्या दुधाची यादी

जनावर आपल्याला काय होतंय ते सांगत नाही आणि मालक जे सांगतो ते बहुतेक वेळा अर्धं असतं. उरलेलं अर्धं शोधून काढणं, हेच माझं तीस वर्षांचं काम होतं. सरकारी भाषेत मी पशुधन पर्यवेक्षक. पदवी घेतलेली डॉक्टर नव्हे, पदविकावाली. मोठी शस्त्रक्रिया आली की तालुक्याच्या अधिकाऱ्यांना बोलवायचं. बाकी सुई, टाके, लसी, गाभण आहे का ते तपासणं, अडलेलं वासरू काढणं हे सगळं आपल्या हातानं करायचं. गावात हा फरक कुणी करत नसे. पहिल्या वर्षी मी ‘ढोराची बाई’ होते, पुढं ‘डाक्टरीणबाई’ झाले आणि शेवटची पंधरा वर्षं नुसती ‘ताई’.

नोकरीतली बहुतेक वर्षं सेनगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात गेली. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. कारण पुढं कळेलच. गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. एक डांबरी रस्ता, त्याच्या एका अंगाला शाळा, बँक आणि आरोग्य केंद्र, दुसऱ्या अंगाला दोन मेडिकल, खताची दुकानं आणि चहाची हॉटेलं. गुरुवारी बाजार भरला की साखऱ्याकडची माणसं, तांड्यावरची माणसं, सगळी त्या एका रस्त्यावर. हिवाळ्यात हळद शिजायला लागली की सगळ्या गावाला तो ओला, उग्र वास. माझे यजमान तिथल्याच शाळेत शिक्षक. मी दुपारी कुणाच्या घरी चहा घेतला हे मी घरी पोचायच्या आत त्यांना कळलेलं असे. सुरुवातीला या गोष्टीचा मला फार राग यायचा. मग एकदा मला टायफॉइड झाला आणि ज्या घरांत मी कधी चहा घेतला नव्हता त्या घरांतूनही मुगाच्या खिचडीचे डबे आले. तेव्हापासून राग कमी झाला. गेला नाही, कमी झाला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये लोखंडी पाइपांचा खोडा. जनावर हलू नये म्हणून त्याला त्यात उभं करतात. मदतीला एक परिचर होते, मारोतीमामा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते मारक्या बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि बैल मुकाट खोड्यात जायचा. “काय सांगता हो त्याला?” असं विचारलं की म्हणायचे, “सांगत न्हाई ताई, त्याच्या घरची खुशाली इचारतो.”

रुजू होऊन महिना झाला नसेल, तेव्हाची गोष्ट. तांड्यावरच्या शांताबाई नावाच्या म्हातारीची लाल कंधारी गाय आदल्या दिवसापासून अडली होती. मी गेले तर दहा-बारा पुरुषमाणसं गोल करून उभी. एकजण म्हणाला, “बाईमानसाचं काम हाय का हे? हिंगोलीहून मोठ्या डाक्टरला बोलवा.” शांताबाईनं माझा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला, मनगटाला बोटांनी वेढा घालून बघितला आणि म्हणाली, “हात बारीक हाय. जाईल आत. घाल बाई.” वासराचा एक पाय आत दुमडून बसला होता. अशा वेळी जोर लावून ओढायचं नसतं. आधी वासराला मागं ढकलायचं, मग खूर तळहातात झाकून हळूहळू पुढं आणायचा, म्हणजे गायीच्या पिशवीला इजा होत नाही. अर्धा तास लागला. वासरू जिवंत निघालं आणि मी तिथंच मातीत बसले. त्या गोल करून उभ्या असलेल्या माणसांपैकी निम्मी माणसं पुढच्या आठवड्यात आपापली जनावरं घेऊन दवाखान्यात आली.

गिऱ्हाइकंही एकेक असत. सोपानराव म्हणून एक गृहस्थ बैलाला सुई मारून झाली की स्वतःची बाही वर करायचे. “त्याची पाठ दुखती तशीच माझी दुखती ताई. उरलं आसंल थोडं तर मला टोचा.” मी त्यांना दरवेळी आरोग्य केंद्रात पाठवायची आणि ते दरवेळी रुसून जायचे.

पण या कामाचं नाव निघालं की मला सगळ्यात आधी आठवते ती गयाबाई.

गयाबाई चाळिशीची. नवरा पुण्याकडे बांधकामावर, वर्षातून दोनदा यायचा. मुलगी हिंगोलीला नर्सिंग शिकत होती. घरी तीन म्हशी आणि ती एकटी. पंधरा-सोळा घरी तिचं दूध जायचं आणि श्रावणात दर सोमवारी महादेवाच्या देवळात अभिषेकाला दोन लिटर, तेही फुकट. गयाबाईच्या दुधात पाणी नसतं यावर सगळ्या गावाचं एकमत होतं, आणि आमच्या गावात कशावरही एकमत होणं सोपं नव्हतं.

अशाच एका श्रावणी सोमवारी, दुपारी, ती दवाखान्यात आली. “ताई, थोरली म्हैस सकाळपासून खाऊन न्हाई राहिली. लाळ गळून राहिली नुसती. घशात कायतरी अडकलंय.”

म्हशीच्या घशात कांदा किंवा मक्याचं कणीस अडकणं नेहमीचं. मी आणि मामा गेलो. म्हशीनं सकाळी दूध दिलं होतं, थोडं कमी, पण दिलं होतं. मामांनी तिची जीभ बाहेर ओढून धरली आणि मी कोपरापर्यंत हात घशात घातला. हातमोजे पिशवीत होते. घातले नाहीत. मोजे घातले की बोटांना नीट कळत नाही, अशी माझी जुनी सबब. आदल्या दिवशी भाजी चिरताना विळीनं तर्जनी कापली होती, तेही लक्षात राहिलं नाही. घशात काहीच नव्हतं. सूज असेल म्हणून एक सुई दिली आणि उद्या येते म्हणून निघाले.

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच गयाबाई ओट्यावर बसलेली, पायात चप्पल नाही. “ताई, तिचा आवाजच बदललाय,” एवढंच म्हणाली. तिच्या गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज ऐकू आला. फाटका, घोगरा, न थांबता. म्हैस खांबावर डोकं आपटत होती आणि मागचे पाय लटपटत होते. मी गोठ्याच्या दारातच थांबले. मामाही थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

“गयाबाई, हिला कुत्रं चावलं होतं का?”

“न्हाई.”

“गयाबाई.”

तिनं जमिनीकडे पाहिलं. “नाकाला जरासं लागलं व्हतं. महिना झाला आसंल. एक कुत्रं गोठ्यातून पळत गेलं. म्या हळद भरली, ते भरून आलं.”

पिसाळण्याचा रोग कुत्र्याला होतो हे सगळ्यांना माहीत असतं. गायी-म्हशींनाही होतो हे कमी लोकांना माहीत असतं. त्यांच्यात तो कधी कधी घशात काही अडकल्यासारखाच दिसतो, कारण गिळायचे स्नायूच काम करेनासे होतात. आम्हाला शिकवताना पहिल्याच वर्षी सांगतात, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालण्याआधी कुत्र्याची चौकशी करा. मी वीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि चौकशी केली नव्हती. लक्षणं दिसायला लागली की या रोगावर औषध नाही. जनावरालाही नाही आणि माणसालाही नाही. मी माझ्या तर्जनीकडे पाहिलं. चीर लालसर होती. हात साबणानं धुवायला मी गयाबाईच्या मोरीवर गेले आणि किती वेळ धूत राहिले ते मला आठवत नाही. शेवटी मामांनी नळ बंद केला.

तालुक्याचे अधिकारी दुपारी येऊन म्हैस लांबून बघून गेले. तेही तेच म्हणाले. आरोग्य केंद्रातले डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे. त्यांनी मला, मामांना आणि गयाबाईला लगेच लस टोचली आणि जखमेभोवती द्यायच्या वेगळ्या औषधासाठी मला हिंगोलीला पाठवलं. निघताना म्हणाले, “उकळलेल्या दुधाला भ्यायचं कारण नाही. कच्च्या दुधातूनही धोका फारच कमी. पण ताई, हा रोग दुसरी संधी देत नाही. कच्चं दूध कोण कोण प्यायलं त्याची यादी मला उद्या संध्याकाळपर्यंत द्या, तेवढी लस मी मागवतो. नाहीतर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगून टाकू.”

बुधवारी सकाळी म्हैस गेली. अधिकाऱ्यांनी येऊन तिच्या मेंदूचा नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेला पाठवला. जेसीबीनं गावाबाहेर खोल खड्डा केला आणि चुना टाकून तिला पुरलं. गयाबाई खड्ड्यापासून लांब, बाभळीजवळ उभी होती. सगळे पांगल्यावर ती माझ्याकडे आली.

“ताई, भोंग्यावर सांगू नका. दोन म्हशी ऱ्हायल्यात. त्यांचं बी दूध कोनी घेनार न्हाई मंग. पोरीचं शेवटचं वर्ष हाय.”

तिचं म्हणणं मला कळत होतं. दुसरीही गोष्ट कळत होती. भोंग्यावरून सांगितलं तर उकळून पिणारी दोनशे माणसं घाबरून धावतील आणि ज्यांनी खरोखर कच्चं घेतलंय त्यातली काही गप्प बसतील. कच्चं दूध माणूस कशाकशासाठी घेतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, हे मला तोपर्यंत या गावानं शिकवलं होतं.

“भोंगा नको,” मी म्हटलं. “आपण घरोघर जाऊ. पण तुम्ही माझ्यासोबत यायचं आणि तुम्हीच सांगायचं.”

“मला शिव्या घालतील.”

“घालतील.”

तिनं बाभळीच्या खोडावरचा हात काढला. मग पदर खोचून म्हणाली, “चला. मागून माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

पहिलं घर किराणा दुकानवाल्यांचं. दारातल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं, “आमी दोनदा उकळून घेतो,” म्हणाली आणि दार लावलं. आम्ही चार पावलं गेलो नसू, तोच बाजूच्या बोळातून तिची मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं. “ताई, मी रोज थोडं कच्चं दूध काढून ठेवते. हळद घालून तोंडाला लावते. पुटकुळ्या फुटल्यात माझ्या. आईला सांगू नका.” मी तिचं नाव लिहिलं. कच्च्या दुधाच्या यादीत पहिलं नाव दूध न प्यायलेल्या मुलीचं.

पुढच्या घरी शिव्या मिळाल्या. त्याच्या पुढच्या घरी पाणी मिळालं. एका घरी सासूनं वही आणून महिन्याभराच्या दुधाच्या खुणा आमच्यासमोर फाडल्या. गयाबाई प्रत्येक दारात तेच सांगत होती, त्याच शब्दांत. “माझी म्हैस पिसाळून मेली. तुमच्या घरात कुनी दूध न तापवता घेतलं का?” पहिल्या दोन दारांत तिचा आवाज फुटत नव्हता. पाचव्या-सहाव्या दारापर्यंत तो नीट झाला.

दोन गल्ल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, कुत्रं आलं त्या दिवशी म्या दवाखान्यात आले व्हते. कुलूप व्हतं.”

“कोणता वार होता?”

“शुक्रवार. बाजाराचा दुसरा दिवस. ओट्यावर तासभर बसले. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काय सांगायचं, भरून तर येऊन राहिलंय. आन सांगितलं तर दूध बंद व्हईल, हे बी वाटलं. खोटं कशाला बोलू.”

मला तो शुक्रवार आठवला. मामा नातवाच्या बारशाला गेले होते, रीतसर रजा टाकून. मी बाराच्या एसटीनं हिंगोलीला गेले होते, भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला, रजा न टाकता. अर्धा दिवस कोण बघतं, असं म्हणून. त्या दिवशी मी दवाखान्यात असते तर म्हशीचं नाक साबणानं धुतलं असतं, त्याच दिवसापासून लस सुरू केली असती, कुत्रं कसं होतं ते विचारलं असतं. म्हैस बहुधा वाचली असती. पुढच्या घराची कडी वाजवली.

देवळात नामदेव गुरव भेटले. अभिषेकाचं कच्चं दूध तीर्थात जातं आणि तीर्थ सगळ्यांच्या हातावर पडतं, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात सकाळपासून होतं. गुरवांना सांगितलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, माणसाला घेरी आली. पण ते सोमवारची रांग आठवत होते. मग एकेक नाव सांगायला लागले, रांगेतल्या क्रमानं, कुणाच्या कडेवर कोणतं लेकरू होतं त्यासकट. मी लिहीत गेले. शेवटी म्हणाले, “आन माझं लिहा. मी सगळ्यांच्या आधी घेतो.”

गयाबाई खाली मान घालून उभी होती. तिला वाटलं असणार, आता देवाचं नाव घेऊन काहीतरी ऐकावं लागेल. गुरव तिला म्हणाले, “तू दूध चांगल्या मनानं दिलं बाई. मी चांगल्या मनानं वाटलं. आता सुई बी तशीच घेऊ.” दिवसभरात ती रडली ती तेवढ्याच वेळेला.

शेवटचं घर निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींचं. तिथं गयाबाईचे पाय अडखळले. “ताई, गुरुजी रोज फिरायला येतात ना, तवा माझ्या गोठ्यात एक पेला धारोष्ण घेतात. घरी सांगू नको म्हनतात.” गुरुजींना साखर होती, रक्तदाब होता, आणि काकूंनी त्यांचं दूध, तूप, गोड सगळं मोजून-मापून ठेवलेलं होतं. धारोष्ण म्हणजे म्हशीच्या सडातून थेट पेल्यात. सगळ्या गावात सगळ्यात जास्त कच्चं दूध प्यायलेला माणूस तोच.

काकू दारात होत्या, गुरुजी आत खुर्चीवर पेपर वाचत. गयाबाईनं सांगितलं. काकूंचा पारा चढला. “कुत्रं चावलेलं माहीत होतं आणि महिनाभर दूध घातलंस आम्हाला? गावानं विश्वास टाकला त्याचं हे केलंस?” आवाज ऐकून शेजारपाजारचे बाहेर आले. सहा-सात दारांत माणसं उभी राहिली. काकू बोलत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि ते कमी पडलेलं खरं माझ्यापाशी होतं.

“काकू,” मी म्हटलं, “कुत्रं आलं त्याच दिवशी ही दवाखान्यात आली होती. दवाखान्याला कुलूप होतं. ते मी लावलं होतं. कामाच्या वेळेत, घरच्या कामासाठी.”

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गयाबाईकडे, आणि आत वळल्या. खुर्चीवरून गुरुजी पेपरमागून म्हणाले, “आपण तर तापवूनच घेतो.”

गुरुवारी सकाळी आरोग्य केंद्रात रांग लागली. यादीतली सगळी माणसं आली, दोन लेकरं रडत आली, होणारी नवरी ओढणीनं तोंड बांधून आली. गुरुजी आले नाहीत. मी बारापर्यंत वाट पाहिली. कुणाच्या घरातली गोष्ट घराबाहेर न्यायची नाही, हा नियम मी त्या गावात कसोशीनं पाळला होता. गोष्ट घराच्या आतच सांगायची असेल तर काय करायचं, याचा नियम नव्हता. मी गेले आणि काकूंना सरळ सांगितलं. काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत जाऊन एवढंच म्हणाल्या, “अहो, पायजमा बदला. आपल्याला जायचंय.” सुई घेताना गुरुजींनी तोंड फिरवलं होतं आणि काकूंनी त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

सुया पाच असतात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. त्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात जे जमायचं ते मी विसरणार नाही. बांधावरून भांडण झालेले दोन चुलतभाऊ, तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनीही त्या सोमवारी तीर्थ घेतलं होतं. तिसऱ्या सुईला एकानं दुसऱ्याला विचारलं, “तुझा दंड दुखून राहिला का?” दुसरा म्हणाला, “व्हय, रातभर.” समेट वगैरे झाला नाही, पण पुढच्या वेळी ते एकाच मोटारसायकलवर आले.

गयाबाईच्या सुया दोन दिवस आधीच्या, तरी ती सगळ्यांच्या दिवशीही यायची. पहिल्या तीन वेळा ती व्हरांड्याच्या खाली, पायरीवर बसली. कुणी तिला बोलावलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. तिच्या दुसऱ्या दोन म्हशींना आम्ही लस दिली होती, त्या ठणठणीत होत्या. पण दूध एकाही घरी जात नव्हतं. रेडकं पिऊन उरलेलं ती ओतून देत होती. आमच्या घरी मी तिचं दूध चालू ठेवलं आणि दवाखान्यात त्याच दुधाचा चहा करायला लागले. आलेल्या प्रत्येकाला विचारायची. बहुतेकजण आत्ताच घेऊन आलो म्हणायचे. सोपानराव मात्र दोन कप प्यायले.

माझं स्वतःचं सांगायचं तर त्या महिन्यात मी पाणी पिताना गिळण्याकडे लक्ष द्यायला लागले होते. एखादा घोट जरा अडखळला की पुन्हा एक घोट घेऊन बघायची. यजमानांच्या ते लक्षात आलं होतं. मी पाणी प्यायला लागले की ते स्वतःही पेला भरून घ्यायचे. कुलपाची गोष्ट वर पोचली होती. कुणी कळवली ते मी शोधलं नाही. कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तरात जे घडलं ते लिहिलं आणि जी शिक्षा झाली ती घेतली.

चौथ्या सुईला गयाबाई आली तेव्हा बाकावरची नवरी मुलगी सरकून बसली. गयाबाई आधी उभीच राहिली. मग बसली. पाचव्या सुईच्या दिवशी काकूंनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, “उद्यापासून अर्धा लिटर टाक. आणि हे गोठ्याकडं फिरकले तर मला निरोप दे.” गुरुजी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते.

दिवाळीपर्यंत दहा-बारा घरं परत आली. तीन घरं कधीच आली नाहीत. यादीतल्या कुणालाही काही झालं नाही.

प्रयोगशाळेचा कागद दिवाळीनंतर आला. नमुना खराब झाल्यामुळे तपासणी करता आली नाही, असा. म्हणजे म्हैस कशानं गेली हे कागदावर कधीच ठरलं नाही. गावात तेही पसरलं. ताईनं उगीच गाव घाबरवून सोडलं, असं म्हणणारी माणसं होती आणि आजही आहेत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांचं खरं असेल तर मला आनंदच आहे. पण मला तसं वाटत नाही.

तो कागद घेऊन मी संध्याकाळी गयाबाईच्या गोठ्यात गेले. तिला वाचून दाखवला आणि म्हटलं, “तुम्हाला पाहिजे तर हा त्या तीन घरांत दाखवता येईल. काही सिद्ध झालेलं नाही, असं लिहिलंय यात.”

ती हातातलं वैरणीचं ओझं खाली ठेवत म्हणाली, “कागदानं म्हैस पाह्यली न्हाई ताई. आपुन पाह्यली.” मग पदरानं घाम पुसला. “ते ऱ्हाऊ द्या. ह्या दोघींची पुढली सुई कधी हाय ते सांगा. मी इसरीन. तिथं भितीवर लिवा.”

मी चुलीतला एक कोळसा घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली. ती जवळ आली, अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचली, “बराबर,” म्हणाली, आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसली.